सोसिनच्या मयताची वर्दी

कानीस्पीत मिझ्गीनला चेहऱ्याने ओळखणारे थोडे आणि आवाजाने ओळखणारे सगळे. नगरपालिकेच्या गच्चीवर, मोठ्या मशिदीच्या कोपऱ्यावर, गुरांच्या बाजाराच्या फाटकावर राखाडी कर्णे टांगलेले होते आणि कित्येक वर्षं त्यांतून तीच बोलत आली होती. उद्या पाणी येणार नाही. एका शिंगाची काळी गाय हरवली आहे, दिसेल त्याने दूधडेअरीपाशी आणून बांधावी. लसवाली गाडी आली आहे. आणि अमुक अमुक वारले, जनाजा दुपारच्या नमाजानंतर.

"पाणी बंद म्हणून सांगतेस तेही इतकं गोड सांगतेस की शिवी द्यायची राहून जाते," भाजीवाला म्हणायचा.

"मग माझ्याकडे द्या. पालिकेत जाते तेव्हा पोचवेन," ती म्हणायची.

मिझ्गीन म्हणजे आनंदाची बातमी. पण हे झालं घरातलं नाव. जन्म नोंदवायला बाप तालुक्याला गेला तेव्हा टेबलामागचा माणूस म्हणाला, असलं कुर्दी नाव सरकारात चालत नाही, याचा अर्थ काय? बापाने मोडक्यातोडक्या तुर्कीत अर्थ सांगितला. त्या माणसाने तोच अर्थ तुर्कीत लिहून दिला, म्युज्दे. "घे, पोरगी तुझीच, फक्त आमच्या भाषेत," म्हणाला आणि वर चहा पाजला. बाप मरेपर्यंत सांगायचा, माणूस भला होता.

दोन नावं असण्यात विशेष काही नव्हतं. गावात सगळ्यांनाच दोन नावं. एक आईने हाक मारायचं आणि एक शाळेत, दवाखान्यात, बँकेत, लष्करभरतीत दाखवायचं. खुद्द गावालाही दोन. आपल्यासाठी कानीस्पी आणि हमरस्त्यावरच्या निळ्या पाटीवर आकपिनार. आडनावांची तर मजाच. वरच्या झऱ्याच्या आळीतल्या बहुतेक घरांचं आडनाव ओझतुर्क, म्हणजे अस्सल तुर्क; तुर्कांतही हे आडनाव जागोजागी सापडतं. पणजोबांच्या काळात आडनावं वाटायला आलेला कारकून थट्टेखोर होता की नुसता कंटाळलेला, यावर आळीत अजून वाद होतो.

मिझ्गीन याच आळीतली. शाळेत गेली तेव्हा तुर्कीचा एक शब्द येत नव्हता. पहिलं वर्ष पाणी प्यायला बाहेर जाऊ का, हे विचारता येत नाही म्हणून तहानेत काढलं. दुसऱ्या वर्षी मात्र असं काही तोंड सुटलं की पश्चिमेकडून आलेली तरुण मास्तरीण वर्गापुढे म्हणाली, "हिच्याकडून शिका. इस्तंबूलची मुलगी वाटते." ते वाक्य मिझ्गीनच्या अंगाला चिकटलं. पुढे आईबरोबर बाजारात जाताना ती दोन पावलं पुढे चालायची, म्हणजे आईने चारचौघांत बोलायला नको.

पण आळीतल्या बायकांना तिच्या जिभेचा उपयोग फार. कुणाला दवाखान्यात जायचं असलं की दारात हजर. "ए पोरी, चल, तुझं तोंड घेऊन ये." अशीच एकदा दाये सोसिन तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. दाये म्हणजे आई. सोसिनला लहानथोर सगळे तेच म्हणत. गावातल्या मयत बायकांना शेवटची अंघोळ घालायची ती. दांडगी बाई, बाह्या कायम कोपरापर्यंत वर. कुणी तोरा दाखवला की म्हणायची, "दाखव, दाखव. एक दिवस माझ्यापुढेच पडणार आहेस, उघडी."

त्या दिवशी बाकावर दोघी बसून होत्या. नर्स दारात यायची, एक नाव पुकारायची, कुणी उठायचं नाही, पुन्हा आत जायची. तिसऱ्यांदा तिने चिडून पुकारलं, "नेझाकेत ओझतुर्क."

"कोण गं ही नेझाकेत?" सोसिन पुटपुटली. "मघापासून बोलावतायत बिचारीला. उठत का नाही मेली? आपला नंबर अडकलाय तिच्यापायी."

मिझ्गीनच्या मनात काहीतरी आलं. "दाये, तुझं कार्ड दाखव." तिने वाचलं आणि तिचे कान तापले. "दाये, ती तूच आहेस."

"मी?"

"इथे लिहिलंय."

सोसिनने कार्ड हातात घेतलं, वाचता येत नव्हतं तरी बराच वेळ बघितलं. "चल मग," ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "बघू तिला काय झालंय ते." आणि येताना बसमध्ये गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून हसत होती. "गोळ्या तिच्या, दुखणं माझं. आता गुण कुणाला येतो बघायचं." सगळी बस हसली. मिझ्गीन हसली नाही. बसमध्ये दोन सैनिक बसले होते आणि दाये आपल्या भाषेत इतकं मोठ्याने बोलते, याची तिला लाज वाटत होती.

ती मोठी झाली. खालच्या गावच्या फर्झेंदेशी लग्न झालं. तो पालिकेच्या पाणी खात्यात होता. गावात आपल्या लोकांची निवडून आलेली पालिका आली तेव्हा कर्ण्यासाठी दोन्ही भाषा स्वच्छ बोलणारं माणूस हवं होतं, तेव्हा त्यानेच तिचं नाव सुचवलं. त्या वर्षांत वर्दी आधी तुर्कीत जायची, मग आपल्या भाषेत. तुर्कीतली ती दोन ओळींत उरकायची. आपल्या भाषेतली मात्र मन लावून द्यायची. नुसत्या नावाने काय होतं? माणूस कुठल्या आळीचं, कुणाची लेक, कुणाची सून, कशावरून लोक ओळखतात, सगळं एका दमात ओवायची. "गिरणीवाल्या ताहोची बहीण, लंगड्या मेहोची सासू, जिच्या अंगणात तुती आहे ती आपली नाझे." कर्णा बंद होईस्तोवर शटरं खाली यायला लागलेली असत. मयताच्या घरी चूल पेटवायची नसते, म्हणून ज्याच्या त्याच्या घरून झाकलेली भांडी निघत. पुढे कित्येक दिवस लोक तिला रस्त्यात गाठून म्हणत, "माझ्या बापाची वर्दी झकास दिलीस गं." एखाद्या लग्नातल्या जेवणाचं करावं तसं कौतुक.

मग एका सकाळी पालिकेच्या दारात चिलखती गाडी उभी राहिली. निवडून आलेल्या नगराध्यक्षीणबाईंना घेऊन गेले आणि अंकाराहून प्रशासक आला. दारावरची दोन भाषांतली पाटी उतरली, एका भाषेतली चढली. थोड्या दिवसांनी कामावरून काढलेल्यांची नावं भिंतीवर लागली. फर्झेंदे बघून आला आणि बूट न काढता उंबऱ्यात बसला.

"माझं आहे," तो म्हणाला. "तुझं नाही."

"खाली असेल. नीट बघितलंस का?"

"नीटच बघितलं. नाही."

एक पगार तरी राहिला, असं दोघांपैकी कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हटलं नाही.

आपलं नाव का नाही, हे मिझ्गीनला दुसऱ्या दिवशी कळलं. नवे मुख्य लिपिक तुन्जाय बेय, म्हणजे तुन्जायसाहेब, पश्चिमेकडचे होते. सडपातळ, हळू बोलणारे, खिडकीत जिरेनियमची कुंडी ठेवून तिला रोज पाणी घालणारे. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"तुमची तुर्की फार स्वच्छ आहे, म्युज्दे हानम. डोळे मिटून ऐकलं तर कळणारही नाही."

काय कळणार नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. तिने विचारलं नाही.

"आता फक्त तुर्कीत. आणि कागदावर असेल तेवढंच. ओळखपत्रावरचं नाव, वय, वेळ. ती टोपणनावं, ते अमक्याची सासू, तमक्याची मावशी नको. माझं काही नाही हो, मला तर ऐकायला गंमत वाटायची. पण कुणीतरी फोनवर रेकॉर्ड करून वर पाठवतं."

ती बरं म्हणाली. नंतर लोकांनी कर्ण्याकडे लक्ष द्यायचंच सोडलं. आळीत कुणी गेलं तर भिंतीपलीकडे रडणं ऐकू येतंच, त्यासाठी पालिका कशाला? कर्ण्यावरची नावं कुणाच्याच ओळखीची नसत, म्हणून त्या वर्दीला लोक म्हणायला लागले, साहेबांची मरणं. आणि मिझ्गीन नानच्या भट्टीवर रांगेत उभी राहिली की आजूबाजूचं बोलणं थांबायला लागलं. वरच्या झऱ्याच्या आळीतली झेरे आत्या, सोसिनची भिंतीला भिंत शेजारीण, एकदा मोठ्याने म्हणाली, "सरका गं बायांनो, वाट द्या. सरकार आलंय नान घ्यायला."

बायका हसल्या. मिझ्गीनही हसली, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. त्यानंतर ती आळीत जायची थांबली. आईबाप गेले होते, जायला कारणही नव्हतं. दाये सोसिन एकदा रस्त्यात भेटली तेव्हा तिच्या गालाला हात लावून म्हणाली होती, "झेरेचं मनावर घेऊ नको. तिच्या तोंडाला मी शेवटी दोनदा साबण लावणार आहे." त्याच शरद ऋतूत सोसिन दूर समुद्राकाठच्या मेर्सिन शहरात गेली. तिथल्या तिच्या मुलाला झटका आला होता, अर्धं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. त्याचं करायला.

हिवाळा संपत आला होता. रस्त्यावर बर्फाचा काळा चिखल. तुन्जाय बेय चहाचा ग्लास हातात घेऊन आले आणि दुसऱ्या हातातली चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. "मेर्सिनहून मयत आणलंय. नातू खाली उभा आहे. दोनदा वाचा."

तिने बटण दाबलं, माइकवर फुंकर मारली आणि वाचायला सुरुवात केली. कागद आधी वाचून बघायची सवय केव्हाच गेली होती. "मेर्सिन येथे निधन पावलेल्या नेझाकेत ओझतुर्क," ती म्हणाली आणि म्हणतानाच तिला दवाखान्यातला बाक दिसला. जीभ मात्र थांबली नाही. जीभ वय म्हणाली, नमाजाची वेळ म्हणाली, अल्लाची दया असो म्हणाली, सगळं इस्तंबूलच्या मुलीसारखं.

दोन वाचनांच्या मधे कर्ण्यात घरघर चालू होती. गावभर ती घरघर ऐकू जात होती. आपल्या भाषेतले तीन शब्द पुरले असते. दाये सोसिन गेली. तुन्जाय बेय दारात उभे होते, चहात साखर ढवळत. रागावलेले नव्हते, संशय घेत नव्हते, नुसते ढवळत होते. मिझ्गीनला फर्झेंदे आठवला, बूट घालून उंबऱ्यात बसलेला. तिने ओठ ओले केले आणि दुसऱ्यांदा वाचलं. पहिल्यापेक्षाही स्वच्छ.

"छान," तुन्जाय बेय म्हणाले.

जेवायला ती घरी गेली. जनाजाला अजून वेळ होता. फर्झेंदेने डाळीचं सूप गरम केलं होतं.

"आज कुणाची आई गेली?" त्याने विचारलं. "मॅजिस्ट्रेटची?"

तो खालच्या गावचा. दाये सोसिनला ओळखायचा, पण नेझाकेत कोण हे त्याला कसं कळणार? आत्ता सांगितलं असतं तर तो तसाच उठून धावला असता, आळीत ओरडला असता आणि सगळं गाव अजूनही पोचलं असतं. पण मग कुणीतरी विचारलंच असतं, तुला कसं कळलं? बायकोने सांगितलं. आणि बायकोला कधी कळलं?

"असेल कुणीतरी," मिझ्गीन म्हणाली आणि सुपात नान बुडवला.

नमाजानंतर ती पालिकेच्या खिडकीशी उभी राहिली. कानीस्पीत ताबूत, म्हणजे मयताची पेटी, कधी एका खांद्यावर राहत नाही. रस्त्यावरचा प्रत्येकजण पुढे होतो, चार पावलं वाहतो, पुढच्याला देतो. ताबूत हातांवरून वाहत गेल्यासारखा जातो. आज ताबूत पालिकेच्या कबर खणणाऱ्यांनी उचलला होता. पुढे इमाम आणि मागे एक तरुण, शहरी जाकिटातला, पातळ बूट चिखलात भिजलेले. तो सारखा दोन्ही बाजूंना बघत होता. दुकानं उघडी होती. न्हाव्याने रीत म्हणून वस्तरा खाली ठेवला आणि ताबूत पुढे गेल्यावर पुन्हा उचलला. भाजीवाला फोनवर कोबीच्या भावावरून भांडत होता. त्याने टोपी काढली आणि भांडण चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिझ्गीन भट्टीवर गेली तेव्हा रांगेत पुढे झेरे आत्या होती आणि तिच्याही पुढे तो तरुण.

"बरेच द्या," तो भट्टीवाल्या हैदरला तुर्कीत म्हणाला. "मयताचं घर आहे. रात्री मशिदीतच झोपलो, आता घर उघडणार. कुणी येईलसं वाटत नाही, पण असावेत."

हैदरचा हात थांबला. मयताच्या घरच्या माणसाला स्वतः नान विकत घ्यायला आलेलं त्याने आजवर बघितलं नव्हतं. "कुणाकडचा रे तू?"

"वरच्या झऱ्याची आळी. माझी आजी. काल पुरली."

झेरे आत्याला तुर्की तेवढी समजायची. "वरच्या आळीत काल कुणी मेलं नाही," ती आपल्या भाषेत म्हणाली. "मी राहते तिथे."

"वर्दी दिली होती," तरुण म्हणाला. त्याची आपली भाषा लंगडी होती, शब्द शोधून शोधून काढत होता. "दोनदा दिली. नेझाकेत ओझतुर्क."

"ती? ती साहेबाची आई ना?"

"माझी आजी. बाबा सांगायचे, आमच्या गावात एक वर्दी दिली की माणसं हातातलं काम टाकून येतात. कुणाला फोन करायला नको, काही नको. मी कुणालाच फोन केला नाही." त्याने नानची चळत छातीशी धरली. "मी काल सगळ्या रस्त्याने बघत होतो. एकही आला नाही. आजीने असं काय केलं होतं तुमचं?"

"तुझ्या बापाचं नाव काय?" झेरेने विचारलं.

"वेली."

"ते नको. घरातलं."

तरुणाला क्षणभर समजलं नाही. "घरात आजी त्यांना हेसो म्हणते."

झेरे आत्या पिठाच्या पोत्यावर बसली. "सोसिन," ती म्हणाली. "अरे, सोसिन रे."

हैदरने भट्टीकडे पाठ केली होती आणि आत नान करपल्याचा वास सुटला तरी वळला नाही. मग एकेकाच्या तोंडून निघायला लागलं, जसं कुणी विचारत असावं.

"मी लसूण सोलत होते. ऐकलं मी. म्हटलं असेल कुठल्या मास्तरणीची आई."

"माझ्या दुकानावरून गेलं. मी फोनवर होतो."

"मी कर्ण्याला शिवी घातली. झोप मोडली म्हणून."

मिझ्गीन रांगेच्या शेवटी उभी होती. नान न घेताच सगळे निघाले तेव्हा तीही मागून निघाली, किती दिवसांनी त्या चढावर.

सोसिनचं घर दुपारपर्यंत भरलं. भांडी आली, चटया आल्या, कुणीतरी चहाचा बंब, समोवार आणला. जो येई तो आधी त्या नातवापुढे उभा राही आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून राही. गावातली निम्मी कुटुंबं अशी होती, की ज्यांच्या आईला, सासूला, लेकीला सोसिनने धुतलं होतं. आणि तिला कुणी धुतलं? मेर्सिनच्या दवाखान्यातल्या कुणा अनोळखी बाईने.

मिझ्गीन दाराजवळ, चपलांपाशी बसली होती. एक तरुण सून तिच्याकडे बघून म्हणाली, "वाचणाऱ्यांनी तरी जरा..."

"तिला कशाला बोलतेस?" झेरे आत्या म्हणाली. सगळ्यांनी वळून बघितलं, कारण मिझ्गीनची बाजू झेरेने घ्यावी हे नवलच होतं. "तिला काय माहीत? कागदावर असेल ते वाचलं पोरीने. अगं, सोसिनला स्वतःला माहीत नव्हतं ते नाव." एक-दोन बायका ओल्या डोळ्यांनी हसल्या. झेरेने चहाचा ग्लास भरून मिझ्गीनकडे सरकवला. "घे. पुढे ये, चपलांत काय बसलीस? आळीतली लेक तू. मी बोलले असेन काहीबाही, पोटात ठेवू नको."

ग्लास तिच्यापुढे वाफाळत होता. तो उचलायचा, एवढंच करायचं होतं. उचलला असता तर ती पुन्हा आळीतली झाली असती. रांगेत बोलणं थांबलं नसतं. बायका सरकून तिच्यासाठी जागा करत होत्या.

"मला माहीत होतं," मिझ्गीन म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"ते नाव. लहानपणी दवाखान्यात गेलो होतो. तेव्हापासून."

झेरेने तिच्याकडे नीट बघितलं. "मग काल कधी कळलं तुला? घरी गेल्यावर?"

"वाचतानाच."

"पहिल्यांदा वाचताना, की दुसऱ्यांदा?"

"पहिल्यांदा."

"आणि मग दुसऱ्यांदा वाचलंस."

"वाचलं."

नातू एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. "काय म्हणतायत त्या?" त्याने तुर्कीत विचारलं. कुणी सांगायला तयार होईना. लहानपणापासून या घरांत दोन भाषांच्या मधे उभं राहायचं काम मिझ्गीनचंच होतं, तेव्हा आताही तिलाच करावं लागलं. काल मी वाचलं, ती त्याला तुर्कीत म्हणाली. तुझी आजी कोण हे मला ठाऊक होतं. तिचं खरं नाव मी घेतलं असतं तर सगळे आले असते. मी घेतलं नाही.

त्याने ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही फार छान वाचलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, बाहेरची कुणी बाई आहे."

झेरे आत्याने ग्लास परत आपल्याकडे ओढला आणि चहा परत किटलीत ओतून टाकला. मग म्हणाली, "ऊठ."

मिझ्गीन उठली. तिला वाटलं, घराबाहेर काढतायत.

"इथे आलेत ते आलेत. गुरांच्या बाजारापलीकडे अजून कुणाला पत्ता नाही. पुलाजवळच्यांना नाही. जा, वर्दी दे."

"आत्या, आता काय उपयोग..."

"उपयोग मी बघेन. आणि कर्ण्यावरून नाही. कर्ण्यात तोंड दिसत नाही. दारोदार जा. प्रत्येकाला तुझं तोंड दिसू दे."

मिझ्गीन गेली. बाजारापलीकडे, पुलाकडे, एकेका दारापाशी. स्वेटरच्या खिशात फोन वाजत राहिला. कामाची वेळ केव्हाच सुरू झाली होती आणि तुन्जाय बेयना पुढची चिठ्ठी तिच्या तोंडून वाचून हवी असणार. तिने फोन बाहेर काढला नाही, बंदही केला नाही. बंद करण्याइतकं धैर्य नव्हतं तिच्यात.

दार उघडलं की ती आपल्या भाषेत सांगायची. वरच्या झऱ्याच्या आळीतली, हेसोची आई, आपल्या सगळ्यांच्या बायांना शेवटची अंघोळ घालणारी दाये सोसिन गेली. सांगताना आवाज चिरकायचा, शब्द मागेपुढे व्हायचे. कर्ण्यावर असं कधी झालं नव्हतं. लोक छातीशी हात न्यायचे, भिंत धरायचे. आणि प्रत्येक दारात पुढचा प्रश्न तोच यायचा, कधी नेणार? प्रत्येक दारात तिला म्हणावं लागायचं, नेलं. काल नेलं. एका म्हाताऱ्याने तर जोडे घालायला घेतले होते. तिने सांगितल्यावर तो एक जोडा पायात आणि एक हातात घेऊन तसाच बसून राहिला.

पुलाजवळ एका तरुण बाईने दार उघडलं, कणकेच्या हातांनी. गेल्या वर्षी तिची आई बर्फात, वाटा बंद असताना वारली, तेव्हा सोसिन ट्रॅक्टरवर बसून आली होती.

मिझ्गीनने सांगितलं.

"थांब," ती बाई म्हणाली. डोळे भरून आले होते, पण हात भराभर पुसत होती. "थांब, शाल घेते. तू एकटीच आलीस? बाकीचे गेले का पुढे?"

"काल पुरलं," मिझ्गीन म्हणाली.

"काल कसं? काल तर वर्दी आली नाही. दिवसभर घरातच होते मी."

"आली होती."

"अगं नाही. दुसऱ्या कुणाची तरी होती ती, कुणी ओझतुर्क बाई..."

"तीच. मीच दिली."

त्या बाईची शाल एका खांद्यावर होती, दुसरं टोक हातात. तिने मिझ्गीनच्या तोंडाकडे बघितलं. शालीचं दुसरं टोक खांद्यावर टाकलं, मागचं दार ओढून घेतलं आणि मिझ्गीनला वळसा घालून आळीच्या चढाकडे चालू लागली.

मिझ्गीनने पुढच्या घराची कडी वाजवली.